गुणवंतरावांना अजून कळलं नव्हतं

मीरा रोड पूर्वेच्या त्या सात मजली सोसायटीत कुणाला किती दिवसांचं सुतक लागतं हे विचारायला भटजींना फोन करावा लागत नसे. बी विंगला तिसऱ्या मजल्यावर गुणवंत शिवगण राहत. भाऊकीतलं दहा दिवस, सासुरवाडीचं तीन, मामाकडचं दीड, परगावी असलेल्याने कधीपासून मोजायचं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बँकेत शिपाई म्हणून लागले आणि तेहतीस वर्षांनी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण बँकेचा एकही नियम त्यांना इतका पाठ नव्हता.

गेल्या गणपतीत तळमजल्यावरच्या रामू घागचा खेडला कुणी चुलत-चुलत भाऊ वारला. रामूने त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ऐन आरतीला गुणवंतरावांनी रामूच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि शंभर माणसांसमोर त्याला मंडपाबाहेर उभं केलं. रामूची पोरगी प्रसादाला आली, तिलाही परत पाठवलं. मग स्वतः तबक घेऊन आरती केली, आणि मोदकांचं ताट आधी आपल्या घरी पाठवलं. नियम म्हणजे नियम.

असल्या माणसाचं स्वतःचं कुणी जाणारच नाही असं थोडंच असतं? त्यांची एक काकी होती, भाईंदरच्या गोडदेवला.

सतरा वर्षांचे असताना गुणवंतराव रत्नागिरीहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले ते या काकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत. काका लवकर गेला. काकी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. दिवसभर ताटं पुसून कागदात गुंडाळायची आणि घरी येऊन या पुतण्याला गरम भाकरी वाढायची. आठ वर्षं वाढली. बँकेच्या परीक्षेच्या दिवशी त्याच्या शर्टाला इस्त्री नव्हती, तर तिने तांब्यात निखारे घालून शर्ट दाबून दिला. पुढे गुणवंतरावांना नोकरी लागली, लग्न झालं, मीरा रोडला फ्लॅट झाला. काकी खोलीतच राहिली, पोटच्या एकुलत्या मुलीबरोबर. मुलगी दिव्या. तिचं लग्न मोडलं होतं आणि ती एका डॉक्टरकडे कंपाउंडरचं काम करायची.

"काकीचं सगळं मीच बघतो," असं गुणवंतराव सोसायटीत सांगत. बघत म्हणजे वर्षातून एकदा, गणपतीत, जाऊन पाया पडत. तेव्हा काकी त्यांचा हात धरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, "माझ्या चितेला आग माझा गुण्या देणार. मला मुलगा नाय असं कोन म्हणतो?" गुणवंतराव मान डोलवत. भाऊकीतही सगळ्यांना हे माहीत होतं आणि त्यामुळे भाऊकीत त्यांचा मान होता. बाईने आठ वर्षं भाकरी वाढली त्याची फेड मरणानंतर एका दिवसात होणार होती, यापेक्षा सोयीचा व्यवहार दुसरा कुठला!

काकी दोन महिने अंथरुणाला खिळली तेव्हा गुणवंतराव एकदा गेले. औषधाच्या वासाने त्यांचं डोकं दुखलं. त्यानंतर त्यांची बायको आनंदीच दर दोन दिवसांनी शेअर रिक्षाने गोडदेवला जायची, काकीची वेणी घालायची, नखं काढायची. दुबईच्या टूरची तारीख जवळ आली तसं ती म्हणाली, "पुढे ढकलू या का? मला त्यांचं काही खरं दिसत नाही."

"काकीला काय होतंय? तू आहेस म्हणून लाड करून घेते," गुणवंतराव म्हणाले आणि नवा चष्मा करायला गेले, काळ्या काचांचा.

टूर पाच दिवसांची होती. चौथा दिवस सगळ्यात मोठा: सकाळी अबूधाबीचं नवं मंदिर, दुपारी तिथलंच एक थीम पार्क. मंदिरासमोरचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर कोणत्या मजकुरासकट टाकायचा तेही गुणवंतरावांनी मीरा रोडलाच लिहून ठेवलं होतं.

त्या चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते हॉटेलच्या बाथरूममध्ये दाढी करत होते. मोबाईल टीव्हीजवळ चार्जिंगला होता. तो उजळला आणि आनंदीने सहज बघितलं. बंद पडद्यावरच दिव्याचा मेसेज दिसत होता.

"दादा, आई गेली. पहाटे साडेचारला. सगळे तुझ्यासाठी थांबलेत. येणार असशील तर बर्फ मागवते, रात्रीपर्यंत ठेवू. दोन वाजेपर्यंत कळव."

आनंदीने बाथरूमचं दार वाजवलं. "अहो, बाहेर या. काकी गेल्या."

गुणवंतराव अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आले. "कोण म्हणतं?"

"दिव्याचा मेसेज आलाय. वर दिसतोय."

"तू उघडलास?"

"मला कुठे उघडता येतो? तुमचं बोट लागतं त्याला."

"मग राहू दे. उघडू नको."

ते पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्यावर अन्याय नको. एक मिनिटभर त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. डोळेही ओले झाले असतील. पण मग गालावरचा फेस वाळायला लागला आणि त्याबरोबर डोकंही चालायला लागलं.

"हे बघ आनंदी," ते म्हणाले. "परदेशी असलेल्याला सुतक कधी लागतं? निरोप कळल्यापासून. मेसेज मी वाचलेला नाही. तिच्याकडे निळी टिक गेलेली नाही. म्हणजे मला कळलेलं नाही."

"मी आत्ता सांगितलं ना तुम्हाला."

"तू काय सांगितलंस? स्क्रीनवर काहीतरी दिसलं असं सांगितलंस. असल्या ऐकीव गोष्टींवर सुतक लागत नाही."

"अहो, ती पोरगी थांबलीय. दोन वाजेपर्यंत उत्तर मागतेय. विमान तीन तासांचं आहे. मनात आणलं तर संध्याकाळपर्यंत पोचाल."

"आणि इथले पैसे? देवदर्शन? उद्या रात्री आपलं विमान आहेच. आज जाऊन काय काकी उठून बसणार आहे?"

"मग नाही येत म्हणून तरी कळवा. त्यांना ताटकळत ठेवू नका."

"वेडी आहेस का? नाही येत म्हणून लिहिलं म्हणजे वाचलं, असं होत नाही का?"

हा मुद्दा बिनतोड होता. येतो म्हणायची त्यांची इच्छा नव्हती आणि येत नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी मोबाईल उचलला, पडद्याकडे न बघता, तोंड खिडकीकडे करून, अंदाजाने बोट फिरवत तो विमानात ठेवतात तसा बंद केला. कॅमेरा मात्र चालू राहतो, हे त्यांनी आदल्या दिवशीच निकेतला, टूरच्या मॅनेजरला, विचारून घेतलं होतं.

आनंदीच्या मोबाईलमध्ये दुबईचं सिम नव्हतं. "एका जोडप्याला दोन सिम कशाला?" असं विमानतळावरच ठरलं होतं. हॉटेलच्या वायफायला एका खोलीत एकच मोबाईल जोडता येई, तो कोणाचा हे सांगायला नको. दोघांचे पासपोर्ट गुणवंतरावांच्या कमरेच्या पाकिटात होते. ते पाकीट ते आंघोळीलाच काय ते सोडत.

बस सातला निघाली. सव्वीस माणसं, बहुतेक मीरा रोड-भाईंदरचीच. गुणवंतरावांनी पहिल्या सीटवरून गणपतीचा जयजयकार केला आणि तो तीनदा करायला लावला. निकेत माइकवरून म्हणाला, "शिवगण काकांचा जोश बघा, नाहीतर आपण!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आनंदी खिडकीशी बसली होती. बाहेर वाळू आणि विजेचे खांब. तिला गोडदेवची खोली दिसत होती. पलंग बाहेर काढला असेल. काकीला जमिनीवर घेतलं असेल. बाया दाटीवाटीने बसल्या असतील, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारत असेल, 'गुण्याचा फोन आला काय?' दिव्या बर्फ मागवू की नको या विचारात दारात उभी असेल. आयुष्यभर ज्या बाईने या माणसाची भाकरी झाकून ठेवली ती आता मरूनही त्याच्यासाठी खोळंबली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मोबाईल माझ्याकडे द्या. मी करते फोन. तुम्ही कान झाका हवं तर."

"माझ्या नंबरवरून गेला म्हणजे मीच केला," गुणवंतराव दात न उघडता म्हणाले. "गप्प बस. लोक बघतायत."

त्यांनी मनगट वर करून वेळ पाहिली. घड्याळ त्यांनी भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. देशाचा अभिमान, असं पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून झालं होतं. आज त्याचा उपयोग झाला. दोन कधी वाजतात ते हिशेब न करता कळणार होतं.

मंदिर गुलाबी दगडाचं, उंच, सुरेख होतं. समोर पाणी, चौफेर फरसबंदी. निकेतने बूट कुठे ठेवायचे, फोटो कुठे काढायचे, किती वाजता परत जमायचं ते सांगितलं. लोक निघाले. आनंदी पायऱ्यांपाशी थांबली.

"चल," गुणवंतराव म्हणाले.

"मी नाही येत आत. मला सुतक आहे."

"हळू बोल. तुला कुठलं सुतक?"

"काकींचं. मला कळलंय. मी डोळ्यांनी वाचलंय."

गुणवंतराव दोन पायऱ्या खाली आले आणि तिला समजावू लागले, बँकेत फॉर्म चुकलेल्या गिऱ्हाइकाला समजावत तसं. "काकी कोणाची? माझी. बायकोला सुतक लागतं ते नवऱ्यावरून. मला लागलेलं नाही, मग तुला कुठून लागेल? उगाच काहीतरी करू नको."

"तुम्ही या जाऊन," आनंदी म्हणाली. "मी इथे बसते."

"देवाच्या दारातून परत फिरतेस!"

"दारात बसते म्हटलं. फिरत कुठे?"

निकेत आला. "काकू, काही प्रॉब्लेम?"

"मिसेसचे गुडघे," गुणवंतराव लगेच म्हणाले. "वय झालं आता." स्वतः तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मग रुमालाने चष्मा पुसून ते आत गेले. आत त्यांनी अभिषेकाच्या रांगेत उभं राहून पाणीही घातलं. ते त्यांनी नंतर बसमध्ये दोनदा सांगितलं.

आनंदी सावलीत दगडी कट्ट्यावर बसली. शेजारी सलोनी होती, भाईंदर पश्चिमेची, बसमधलीच. तिचं बाळ झोपलं होतं म्हणून आधी नवरा आत गेला होता.

"आंटी, आप नहीं गये अंदर?"

"सूतक है मेरे को. घर में काकी ऑफ हो गयी, आज सुबह."

"अरे रे!" सलोनी सरळ बसली. "पण अंकल तर गया अंदर."

"अंकल को अभी मालूम नहीं है."

"आपने बताया नहीं?"

"बताया. लेकिन उनको मालूम है कि उनको मालूम नहीं है."

सलोनीने हे वाक्य मनातल्या मनात एकदा फिरवून पाहिलं. तिच्या घरीही एक सासरा असावा, कारण तिने पुढे काही विचारलं नाही. आनंदीने एवढंच सांगितलं की तिकडे माणसं प्रेत ठेवून उत्तराची वाट बघतायत आणि तिच्याकडे फोन नाही. सलोनीने पर्समधून आपला मोबाईल काढला. "मारामां रोमिंग छे. लगाओ ना आंटी. जितना बात करना है करो."

आनंदीने आपल्या मोबाईलवरून नंबर बघून लावला. पहिल्या रिंगलाच दिव्याने उचलला. "दिव्या, मी गं," आनंदी म्हणाली.

"वहिनी! कुठायस गं? दादाचा इंडियाचा फोन बंद, तिकडचा लागत नाही. तो निघाला का? मी बर्फवाल्याला थांबवलंय. इथे सगळे विचारतायत."

मागे बायकांचं रडणं, भांड्याचा आवाज. आनंदीने दुसरा कान हाताने झाकला. मग तिने विचारलं, "त्रास झाला का गं त्यांना?"

"नाही. पाणी प्याली. मला म्हणाली, उजेड झाला का बघ. मी खिडकी उघडली तोवर... दादा येतोय ना, वहिनी?"

आनंदीने मंदिराच्या पायऱ्यांकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. विमान मिळालं नाही, ताप आला, पासपोर्ट हरवला. नवऱ्याची अब्रू झाकायला बायका याहून अवघड खोटं रोज बोलतात आणि तीही तीस वर्षं बोलत आली होती. काकी पडल्यापासून तर दर दोन दिवसांनी, 'त्यांना यायचं होतं, पण बँकेत काम निघालं.' माणूस निवृत्त झाल्यालाही दीड वर्ष झालं होतं. काकी त्यावर 'असू दे' म्हणायची.

"नाही येत," आनंदी म्हणाली. "थांबू नको. बर्फ नको मागवू. त्यांना आणखी ताटकळत ठेवू नका."

"पण मग आग कोण..."

"तू दे."

दिव्या बारीक आवाजात म्हणाली, "बाबाजी काका नाही ऐकायचे. ते म्हणतात भाऊकीतला पुरुष पाहिजे. तिने गुण्याचं नाव घेतलंय तर गुण्याच पाहिजे, नाहीतर मग नाथा."

"नाथा आला होता का कधी बघायला?"

"तो आत्ताच आलाय. दारू पिऊन."

"बाबाजी काकांना दे फोन."

बाबाजी म्हणजे भाऊकीतला सगळ्यात वडील माणूस, ऐंशीचा. फोनवर तो ओरडूनच बोले. "कोन? आनंदी? गुण्या कुठं हाय? मयत घरात ठेवून आमी त्याची वाट बगतोय!"

"देवळात आहेत, काका."

"काय?"

"देवळात. आत गेलेत दर्शनाला. मी बाहेर बसलेय."

"त्याला कळला न्हाय काय?"

"कळलंय. सकाळीच कळलंय. म्हणून तर फोन बंद करून ठेवलाय."

म्हाताऱ्याला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो ओरडला नाही. "सुतकात देवळात गेला?" त्याने अगदी हळू विचारलं.

"हो."

"बरा," म्हातारा म्हणाला. आणि फोन कानाला तसाच ठेवून बाजूला वळला. आनंदीला ते ऐकू आलं. "उठ गो बाय, दिव्या. आंघोळ कर. मडका तूच धर."

कोणीतरी बाई काहीतरी बोलली, बहुतेक पोरीच्या जातीबद्दल. "मग तू धरतेस काय?" म्हातारा खेकसला. फोन बंद झाला.

आनंदीने मोबाईल सलोनीला परत दिला आणि पदराने तोंड पुसलं. सलोनीने बाटली पुढे केली. ती प्यायली नाही. कुणीतरी आतून घंटा वाजवत होतं.

गुणवंतराव अर्ध्या तासाने बाहेर आले ते कपाळाला गंध लावून, प्रसन्न. "चुकलीस तू," ते म्हणाले. "काय कोरीव काम! दगडात उंटसुद्धा कोरलेत. देवाने बोलावल्याशिवाय अशा जागी येता येत नाही." त्यांनी तिला काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

थीम पार्कात शिरताना त्यांचं मनगट तीनदा वर गेलं. दोनला दहा, दोनला चार. मग दोन वाजले. पाळण्यांच्या रांगेजवळ, शीतपेयाच्या बाटलीच्या एका मोठ्या पुतळ्याखाली उभे राहून गुणवंतराव शिवगण यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बायकोला म्हणाले, "काय खाणार?"

त्यांच्या हिशेबाने काम झालं होतं. उत्तर नाही म्हटल्यावर नाथाने नाहीतर बाबाजीने आग दिली असणार. आता संध्याकाळी मेसेज उघडायचा, धक्का बसायचा, विमान मिळत नाही म्हणून हळहळायचं. नाथाने दिली तरी ती गुणवंताच्या वतीने, असं भाऊकीत सांगता येतं. परत जाऊन दहाव्याला उभं राहायचं. सुतकही उरलेल्या दिवसांचंच. गणित असं सुटलं की माणूस मोकळा होतो. ते इतके मोकळे झाले की वयाच्या साठाव्या वर्षी सगळ्यात वेगवान रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहिले, निकेतने दोनदा नको म्हटलं तरी.

आनंदी खाली बाकावर बसली होती. वर रुळांवरून ती गाडी एका क्षणात गेली आणि आली. त्या क्षणात काढलेला फोटो पार्कवाले बाहेर विकतात. फोटोत गुणवंतरावांचे डोळे घट्ट मिटलेले, तोंड आ वासलेलं, केस उभे आणि कपाळावरचं गंध शाबूत. त्यांनी तो विकत घेतला. एवढ्या मोठ्याने ते सबंध दिवसात एकदाच ओरडले होते, आणि ते स्वतःसाठी.

परतीची बस पाचला निघाली. ती रस्त्याला लागल्यावर गुणवंतरावांनी खिशातून मोबाईल काढून पुन्हा चालू केला, चष्मा नीट केला, आजूबाजूला कोण कोण बघतंय ते पाहिलं आणि मेसेज उघडला.

"अरे देवा!" ते ओरडले. "काकी! माझी काकी गेली!"

बस हलली. निकेत धावत आला. कुणी पाणी दिलं, कुणी खांद्यावर हात ठेवला. गुणवंतराव हुंदके देत होते आणि ते सगळे खोटे होते असं म्हणता येणार नाही. "आईसारखी होती हो! आठ वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली. शेवटची भेट नाही नशिबात. आत्ता कळतंय मला, आत्ता!"

"पण आंटीने तो..." मागच्या सीटवरून सलोनी म्हणाली. तिच्या नवऱ्याने तिच्या मांडीवर हात ठेवला.

गुणवंतरावांनी रडता रडता पुढचे मेसेज उघडले, कारण आता उघडायला हरकत नव्हती. पहिला दिव्याचा होता, भारताच्या साडेअकराचा. "दादा, आता थांबत नाही. आम्ही नेतोय." त्यानंतर भाऊकीचा ग्रुप. दोनशे माणसं, रत्नागिरीपासून पालघरपर्यंत. बाबाजीने कुणाकडून तरी लिहून घेऊन टाकलं होतं:

"कै. सुभद्रा शिवगण यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. अग्नी कन्या दिव्या हिने दिला. पुतणे गुणवंत यांना निरोप सकाळीच पोचला होता. ते परदेशात देवळात दर्शनाला गेले असल्यामुळे येऊ शकले नाहीत."

खाली एकशे चाळीस लोकांनी हात जोडले होते. एकाने लिहिलं होतं, "सुतकात दर्शन? हे नवीन शास्त्र कुठलं?" त्याला बत्तीस जणांनी हसरे चेहरे पाठवले होते.

गुणवंतरावांचं रडणं तुटल्यासारखं थांबलं.

"हे कोणी सांगितलं?" त्यांनी आनंदीकडे मान वळवली.

"मी."

"का?"

"त्यांनी विचारलं, सकाळी तुम्हाला कळलं नाही का म्हणून."

समोरच्या सीटवर नवघरच्या एक आजी होत्या. त्या मागे वळल्या. "अगंबाई, म्हणजे सकाळी तुम्ही..."

"नाही, नाही, आजी! मला आत्ता कळलं! आत्ता, सगळ्यांसमोर! हे बघा ना, निळी टिक..." गुणवंतरावांनी मोबाईल पुढे केला. निळी टिक दिव्याच्या मोबाईलवर दिसते, आपल्या नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. आजींनी हात मागे घेतला आणि सीटवर सरकून बसल्या. दुबई येईपर्यंत बसमध्ये कुणी त्यांच्याशी बोललं नाही. तसं तोंडावर कुणी काही बोललंही नाही. मीरा रोडची माणसं, शेजारधर्म पाळतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते मुंबईत उतरले. टॅक्सीत गुणवंतरावांनी पुन्हा कंबर बांधली. "जे झालं ते झालं. पोरीने आग दिली ती चूक. दहाव्याला मी उभा राहतो. माझा हक्क आहे तो. तू मध्ये बोलू नको."

टॅक्सी आधी गोडदेवला घ्यायला आनंदीने सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी तिने आपली बॅग उतरवली. "मी दहा दिवस दिव्याकडे राहणार आहे," ती म्हणाली. गुणवंतराव काही बोलणार तोवर ती चालायला लागली होती.

खोलीत खाली चटई होती. दिव्या कोपऱ्यात बसली होती, पांढऱ्या साडीत, गुडघे जवळ घेऊन. आनंदी थेट तिच्याशेजारी चटईवर जाऊन बसली. दिव्याने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

गुणवंतराव दारात आले. त्यांनी वाटेत डोळे चोळून लाल केले होते. "दिव्या," ते भरल्या आवाजात म्हणाले, "मी आलोय. आता पुढचं सगळं मी..."

"या दादा," दिव्या म्हणाली. ती उठली, आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि दाराजवळ ठेवली. भेटायला आलेल्या माणसांसाठी ठेवतात, तशी. शेजाऱ्यांकडून चार आणल्या होत्या, त्यातली एक. घरची माणसं खाली बसली होती, बाबाजीसुद्धा. "बसा. चहा घेणार? आमच्याकडचा चालणार नसेल तर शेजारून आणते."

गुणवंतरावांनी चटईकडे बघितलं. बाबाजी जरा सरकला असता तर जागा झाली असती. बाबाजी सरकला नाही. आनंदीने वर पाहिलं नाही. मग ते खुर्चीवर बसले.

"बाबाजी काका, दहाव्याचं..."

"ज्यानं आग दिली तो बगील," बाबाजी म्हणाला. "ती बगील."

नाथा दारात तंबाखू मळत उभा होता. शेवटी बाबाजीनेच घसा खाकरला आणि, एखाद्या परक्या माणसाला विचारावं तसं, विचारलं, "मग? दर्शन कसा झाला?"

कोणीही शहाणा माणूस इथे मान खाली घालून उठला असता. पण गुणवंतरावांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं, आणि तेही मोठ्या माणसाने. त्यांनी एक क्षण विचार केला. मग खुर्ची थोडी पुढे ओढली, खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाले, "काका, काय सांगू, असलं कोरीव काम तुम्ही जन्मात पाहिलं नसेल."

चटईवर आनंदी दिव्याला हळूच विचारत होती, खिडकी उघडली तेव्हा उजेड झाला होता का.